आज कितवा दिवस?

वल्हांडण या ज्यू सणानंतरच्या सात आठवड्यांत कोणत्याही संध्याकाळी सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनागृहात, मोजणीच्या दोन परस्परविरुद्ध रीती एकाच तासात पाहायला मिळतात. सामुदायिक प्रार्थनेला दहा जण लागतात. परंपरेप्रमाणे तेरा वर्षांवरचे दहा पुरुष, आता अनेक प्रागतिक सिनेगॉगमध्ये स्त्रियाही. तेवढे जमले की नाही ते पाहायचे असते, पण पाहणारा बोट रोखून एक, दोन, तीन म्हणत नाही. त्याला दहा शब्दांचे एक स्तोत्रवचन पाठ असते. त्यातला एकेक शब्द तो एकेका माणसाला देत जातो आणि शेवटचा शब्द कुणाच्या तरी वाट्याला आला की प्रार्थना सुरू होते. पूर्व युरोपातल्या यिद्दिश बोलणाऱ्या ज्यूंची तऱ्हा आणखी निराळी. ते माणसांवरून नजर फिरवत एक नाही, दोन नाही, तीन नाही, असे मोजत. मग प्रार्थना संपत येते, बाहेर तारे दिसू लागतात, आणि तीच माणसे उभी राहून आशीर्वचन म्हणतात व आज कितवा दिवस हे स्वच्छ आकड्यात, मोठ्याने सांगतात. माणसे मोजताना आकडा ओठांवर येऊ द्यायचा नाही आणि दिवस मोजताना तो उच्चारल्याशिवाय भागत नाही, असा हा प्रकार आहे.

पहिल्या रीतीला लोकभ्रम म्हणायचे, दुसरीला कर्मकांड म्हणायचे आणि पुढे जायचे, हे सोपे आहे. मला दोन्ही उत्तरे अपुरी वाटतात. ज्या परंपरेने आपल्या ग्रंथातल्या प्रत्येक शब्दावर शतकानुशतके वाद घातले, तिने हा भेद इतक्या निगुतीने उगाच सांभाळला नसेल. माझे म्हणणे असे की या दोन्ही रीती एकाच विचारातून निघाल्या आहेत. मोजणे ही वरवर दिसते तितकी निरुपद्रवी क्रिया नाही. जे मोजून झाले ते आपल्या मुठीत आले असे मोजणाऱ्याला वाटू लागते. गुरे मोजणारा गुरांचा धनी असतो, नाणी मोजणारा नाण्यांचा. म्हणून ज्यू परंपरा प्रत्येक मोजणीला एक प्रश्न विचारते: या मोजण्याने बांधला कोण जाणार, मोजणारा की मोजला जाणारा? मोजणारा बांधला जात असेल, तर ते मोजणे धर्मकृत्य ठरते. मोजला जाणारा बांधला जात असेल, तर ते टाळायचे; आणि टाळता येत नसेल, तर त्याचे माणूसपण शाबूत राहील अशा आडवाटेने करायचे. ही कसोटी हाती घेतली की एरवी विक्षिप्त वाटणारे अनेक नियम एका सूत्रात बसतात.

दिवसांच्या मोजणीला ओमेरची मोजणी म्हणतात. ओमेर हे धान्याचे एक जुने माप. तोरा या ज्यूंच्या मूळ धर्मग्रंथातल्या लेवीय पुस्तकाच्या 23 व्या अध्यायात आज्ञा आहे ती अशी: नव्या हंगामाच्या जवाचे अर्पण आणले की त्या दिवसापासून पुरते सात आठवडे मोजावेत आणि पन्नासाव्या दिवशी नव्या गव्हाचे अर्पण करावे. हा पन्नासावा दिवस म्हणजे शावुओतचा सण. जेरुसलेमचे मंदिर उभे होते तेव्हा ही कापणी कशी होई, याचे वर्णन मिश्ना या जुन्या नियमसंग्रहात आहे. न्यायसभेचे लोक आधीच शेतात जाऊन उभ्या पिकाच्या पेंढ्या बांधून ठेवत. वल्हांडणाच्या पहिल्या दिवसाची संध्याकाळ झाली की आसपासच्या गावांतली माणसे तिथे जमत. कापणारा विचारी, सूर्य मावळला का? लोक म्हणत, हो. हाच विळा का? हो. हीच टोपली का? हो. प्रत्येक प्रश्न तीनदा आणि प्रत्येक उत्तरही तीनदा. मोजणी नेमकी कुठल्या दिवसापासून धरायची यावर त्या काळी एका विरोधी पंथाशी कडाक्याचा वाद होता, म्हणून हा सगळा जाहीर गजर. कापलेले जव भाजून, भरडून, तेरा चाळण्यांतून चाळून त्यातले एक ओमेर पीठ काढले जाई. इ.स. 70 मध्ये रोमन सैन्याने मंदिर उद्ध्वस्त केले. शेत, विळा, चाळण्या, अर्पण, सगळे गेले. मोजणी मात्र राहिली. तालमूद या पुढच्या काळातल्या चर्चाग्रंथात आमेमार नावाचा एक पंडित म्हणतो की आता हे केवळ मंदिराचे स्मरण आहे, म्हणून मी दिवस मोजतो, आठवडे मोजत नाही. बहुसंख्यांनी त्याचे ऐकले नाही. ते आजही दिवस आणि आठवडे दोन्ही मोजतात, म्हणजे पंधराव्या रात्री नुसते पंधरा म्हणून थांबत नाहीत, दोन आठवडे आणि एक दिवस झाला हेही सांगतात. ज्या धान्यासाठी मोजायचे ते धान्यच उरले नाही, तेव्हा मोजणीत मोजणारा आणि त्याचे दिवस एवढेच बाकी राहिले. मला वाटते, तिचा खरा अर्थ तिथून पुढे उलगडत गेला.

यातली एक गोष्ट फार विचार करण्यासारखी आहे. तोरेत वल्हांडणाला तारीख आहे, प्रायश्चित्ताच्या दिवसाला तारीख आहे, पण शावुओतला नाही. तो केवळ मोजणीने ठरतो. प्राचीन काळी चंद्रकोर पाहिलेल्या साक्षीदारांच्या जबानीवरून महिना जाहीर होई, तेव्हा हा सण सिवान महिन्याच्या पाचव्या, सहाव्या किंवा सातव्या तिथीलाही येऊ शके. म्हणजे हा सण पंचांगात आधीपासून वाट पाहत बसलेला नसतो, मोजणारे त्याला एकेका रात्रीने घडवत आणतात. मिसरच्या गुलामीतून सुटका झाली तो वल्हांडण, आणि सिनाय पर्वताशी तोरा मिळाली तो शावुओत, असा या दोन सणांचा परंपरेने लावलेला संबंध आहे. सुटका मोशे या नेत्यामागे निघालेल्या लोकांना आयती मिळाली. त्या सुटकेचे करायचे काय, हे कळण्यासाठी मधले एकूणपन्नास दिवस मात्र ज्याचे त्याने चालायचे होते. गुलामाचे दिवस मालक मोजतो. ज्याला आपला दिवस स्वतः मोजता येतो तो मोकळा झाला, एवढा साधा आणि मोठा आशय या मोजणीत आहे. म्हणूनच ती प्रत्येकाने आपापली करायची असते. दर पन्नास वर्षांनी येणाऱ्या योवेल वर्षाची मोजणी न्यायसभा सगळ्यांच्या वतीने करी, ओमेरची मोजणी तशी सोपवून टाकता येत नाही. आधुनिक काळात आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडणाऱ्या प्रवाशाचा प्रश्न निघाला, तेव्हा एका वजनदार मताने सांगितले की त्याने आपल्याच मोजणीला धरून चालावे, मग त्याचा शावुओत भोवतालच्या लोकांहून एक दिवस पुढेमागे आला तरी चालेल. सगळा गाव एका तारखेला आणि हा एकटा दुसऱ्या तारखेला, तरीही मोजणी त्याचीच.

यावर आक्षेप येतो तो कोरड्या नियमांचा. या मोजणीला चिकटलेले कायदे पाहिले की अध्यात्म दूर राहिले, हा तर हिशेबनिसाचा काटेकोरपणा आहे, असे कुणालाही वाटेल. संध्याकाळी कुणी आज कितवा दिवस असे विचारले आणि आपण अजून मोजलेले नसेल, तर थेट उत्तर द्यायचे नाही. काल अमुक होता, असे सांगायचे. कारण आजचा आकडा बोलून गेला की मोजणी झाली, मग तिच्यावरचे आशीर्वचन म्हणता येत नाही. रात्री विसरले तर दुसऱ्या दिवशी उजेडी आशीर्वचनाशिवाय मोजावे आणि पुढच्या रात्रीपासून पुन्हा नेहमीप्रमाणे. पण रात्र आणि दिवस दोन्ही हुकले तर उरलेले सगळे दिवस मोजायचे, मात्र आशीर्वचनाविना. या शेवटच्या नियमामागे दोन मतांचा जुना वाद आहे. एक मत म्हणते की एकूणपन्नास दिवस मिळून एकच आज्ञा आहे, एक कडी तुटली की साखळी गेली. दुसरे म्हणते की प्रत्येक रात्र ही स्वतंत्र आज्ञा आहे, काल चुकला म्हणून आजचे कर्तव्य बुडत नाही. सोळाव्या शतकात योसेफ कारोने रचलेल्या शुल्हान आरूख या धर्मसंहितेने निवाडा दिला तो दोन्ही मतांचा मान राखून. पहिल्या मताच्या भीतीने आशीर्वचन सोडायचे आणि दुसऱ्या मताच्या भरवशावर मोजणे चालू ठेवायचे. या निवाड्यात मला कोरडेपणा दिसत नाही, आयुष्याची नेमकी जाण दिसते. गेलेला दिवस खरोखरच गेला, तो भरून येत नाही, आणि त्याची ठसठस पुढे प्रत्येक रात्री जाणवत राहते. तरीही एका चुकीच्या नावाखाली उरलेले दिवस वाऱ्यावर सोडण्याची मुभा कुणाला नाही. पश्चात्तापावर शेकडो पाने लिहूनही यापेक्षा फार काही सांगता आले नसते. नियम असल्यामुळेच ते पंडिताबरोबर सामान्य माणसालाही दर वसंतात अनुभवता येते.

मोजणीची दिशाही पाहण्यासारखी आहे. एखाद्या गोष्टीची आतुरतेने वाट पाहणारा माणूस उरलेले दिवस मोजतो, चाळीस राहिले, वीस राहिले, पाच राहिले. अशा मोजणीत मधला प्रत्येक दिवस अडसर असतो, तो जितक्या लवकर संपेल तितके बरे. ओमेरची मोजणी एकापासून एकूणपन्नासाकडे चढत जाते. किती उरले हे ती कधीच सांगत नाही, किती झाले तेच सांगते. हनुक्का या आठ रात्रींच्या सणातल्या दिव्यांबाबत हिल्लेल आणि शम्माय यांच्या शिष्यशाखांत असाच मतभेद होता. शम्मायची शाखा म्हणे की पहिल्या रात्री आठ दिवे लावून रोज एकेक कमी करावा. हिल्लेलची शाखा म्हणे की एकापासून आठापर्यंत वाढवत न्यावे, कारण पवित्र गोष्टीत माणसाने चढत जावे, उतरू नये. रूढी हिल्लेलच्या बाजूने गेली. कब्बाला या ज्यू गूढविद्येच्या साधकांनी ओमेरच्या आठवड्यांना सात ईश्वरी गुण जोडले: दया, संयम, सौंदर्य, चिकाटी, नम्रता, आधार आणि राज्य. प्रत्येक गुणात पुन्हा सातही गुणांचा अंश असतो असे धरले की सात साते एकूणपन्नास जोड्या होतात, आणि एका रात्रीला एक जोडी येते. पहिल्या आठवड्याच्या दुसऱ्या दिवशी साधक दयेतला संयम तपासतो, म्हणजे आपली माया दुसऱ्याला गुदमरवते का, हे पाहतो. दुसऱ्या आठवड्याच्या पहिल्या दिवशी संयमातली दया, म्हणजे आपल्या शिस्तीत माणुसकी उरली आहे का, हे. हाच काळ शोकाचाही मानला जातो. रब्बी अकिवा या धर्मगुरूचे चोवीस हजार शिष्य वल्हांडण आणि शावुओत यांच्या दरम्यान मरण पावले, असे तालमूद सांगते, आणि कारण देते ते हे की त्यांनी एकमेकांचा मान राखला नाही. तोरा शिकणारेच तोरा मिळाल्याच्या सणापर्यंत पोचले नाहीत. दिवस मोजणाऱ्याला ही परंपरा वारंवार शेजारच्या माणसाकडे वळवते ती अशी. आणि माणसाकडे वळताच मोजण्याचे नियम उलटे होतात.

माणसे मोजण्याचे भय बायबलमधल्या राजा दावीदाच्या कथेत सगळ्यात ठळक आहे. दावीदाने तलवार धरू शकणाऱ्या पुरुषांची मोजदाद करायला सेनापती यवाबाला सांगितले. यवाब काही संत नव्हता, त्याचे हात रक्ताने माखलेले होते, पण त्यालाही हे रुचले नाही. राजाला हे हवे तरी कशाला, असे त्याने विचारले. नऊ महिने वीस दिवस लोक हिंडले आणि आकडा घेऊन आले. तो हाती येताच दावीदाचे मन त्याला खाऊ लागले. पुढे तीन दिवसांच्या मरीत सत्तर हजार माणसे गेली. अपराध नेमका कोणता, हे मूळ कथेत उलगडून सांगितलेले नाही, आणि भाष्यकारांनी निरनिराळी कारणे दिली आहेत. मला मात्र कथेचा शेवट बोलका वाटतो. दावीद म्हणतो की पाप मी केले, या मेंढरांनी काय केले, शिक्षा मला आणि माझ्या घराण्याला व्हावी. मग तो अरवना नावाच्या माणसाच्या खळ्यावर वेदी बांधायला जातो. अरवना खळे आणि बैल फुकट द्यायला तयार असतो, पण राजा नकार देतो. मला ज्याची झळ लागली नाही ते मी देवाला अर्पण करणार नाही, अशा अर्थाचे बोलून पन्नास शेकेल मोजून देतो. पुढे मंदिर त्याच जागी उभे राहिले, असे परंपरा मानते. लोकांना मोजायला निघालेला राजा शेवटी पदरचे पैसे मोजतो, आणि प्रजेवर फिरलेली मोजपट्टी स्वतःवर फिरवून घेतो. मंदिराची जागा त्या क्षणी ठरते, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही.

इथे सगळ्यात सबळ आक्षेप उभा राहतो. तोरेच्या चौथ्या पुस्तकाचे मराठी बायबलमधले नावच गणना आहे. त्यात देवाच्या आज्ञेने दोनदा शिरगणती होते. पहिली भरते सहा लाख तीन हजार पाचशे पन्नास. मग मोजणे निषिद्ध कसे? याचे उत्तर निर्गम या तोरेच्या दुसऱ्या पुस्तकाच्या 30 व्या अध्यायात आहे. गणती करताना वीस वर्षांवरच्या प्रत्येक पुरुषाने अर्धा शेकेल चांदी द्यावी, श्रीमंताने जास्त देऊ नये, गरिबाने कमी देऊ नये, म्हणजे गणतीमुळे मरी येणार नाही. माणसे मोजायची नाहीत, त्यांनी दिलेले मोजायचे. आणि त्या चांदीचे पुढे काय झाले तेही ग्रंथाने पैन्‌पै नोंदवले आहे. एकूण शंभर किक्कार आणि एक हजार सातशे पंचाहत्तर शेकेल जमले. एका किक्कारात तीन हजार शेकेल धरले की हा हिशेब सहा लाख तीन हजार पाचशे पन्नास अर्ध्या शेकेलांशी तंतोतंत जुळतो. त्यातल्या शंभर किक्कारांच्या शंभर बैठका ओतल्या, ज्यांच्यावर पवित्र मंडपाच्या फळ्या आणि पडद्याचे खांब उभे राहिले. उरलेल्या चांदीतून खांबांसाठी आकड्या केल्या. राजाच्या वहीत पडून राहणारी बेरीज इथे पायाखालची चांदी झाली, आणि त्या पायात कुणाचा तुकडा कुठला हे सांगता येणार नाही अशी ती वितळली. अर्धाच शेकेल का, यावर अनेकांनी लिहिले आहे. मला त्यातला हा अर्थ पटतो की एकटा माणूस पुरा होत नाही, त्याला उरलेला अर्धा दुसऱ्याकडून यावा लागतो.

तरीही सगळे आलबेल होते असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. ही गणती लढाऊ पुरुषांची होती. स्त्रिया, मुले, म्हातारे तिच्यात नव्हते. ज्यांना मोजले नाही त्यांचे काय, हा प्रश्न खराच आहे. माझे उत्तर असे की तो प्रश्न त्या ग्रंथालाच आतून टोचलेला दिसतो. दुसऱ्या गणतीच्या लांबलचक यादीत, पुरुषांच्या कुळांमध्ये, सलाफहादच्या पाच मुलींची नावे एकेक करून येतात: महला, नोआ, होग्ला, मिल्का, तिरसा. त्यांच्या बापाला मुलगा नव्हता. पुढच्याच अध्यायात त्या मोशेसमोर उभ्या राहून बापाचा वाटा मागतात आणि देव सांगतो की या मुलींचे म्हणणे रास्त आहे. गणतीने ज्यांना वगळले त्या गणतीच्या पानावर नावानिशी उमटल्या आणि वारशाचा कायदा बदलून गेल्या. अन्याय त्यामुळे पुरता दूर झाला असे नाही. पण आकडा जिथे चुकतो तिथे नाव उभे राहते, ही या परंपरेची दुरुस्तीची रीत त्या पाच नावांत दिसते. तेराव्या शतकातला भाष्यकार नाहमनिदिस याच पुस्तकावर लिहिताना म्हणतो की गणतीच्या वेळी प्रत्येक जण मोशे आणि त्याचा भाऊ अहरोन यांच्यासमोर आपले नाव घेऊन उभा राही, आणि तसे उभे राहणे हाच त्याचा मान होता.

दुसरा आक्षेप अंधश्रद्धेचा. मोजलेल्याला दृष्ट लागते, ही समजूत रब्बींच्या लेखनात स्पष्ट आहे. अकराव्या शतकातला महान भाष्यकार राशी अर्ध्या शेकेलचे कारण तेच देतो. आपल्याकडेही पोर बाळसेदार आहे असे कुणी म्हटले की आई काजळाची तीट लावते, तेव्हा मराठी वाचकाला हे भय नवे नाही. पण तोच राशी गणनेच्या पहिल्याच ओळीवर लिहितो की देव त्यांना घडोघडी मोजतो, कारण ते त्याचे लाडके आहेत. एकाच माणसाने दोन्ही म्हणावे यात विसंगती नाही. जत्रेच्या गर्दीत आई मुले मोजते तेव्हा तिला बेरीज ठाऊकच असते. ती पाहत असते की कुणी मागे तर राहिला नाही ना. तिच्या मोजण्यात प्रत्येक मुलगा पहिला असतो. सावकार किंवा सेनापती मोजतो तेव्हा त्याला बेरीजच हवी असते, आणि त्या बेरजेत एक जाऊन दुसरा आला तर फरक पडत नाही. दृष्ट लागण्याचे भय हे माझ्या मते या दुसऱ्या नजरेचे लोकभाषेतले नाव आहे. माणसाकडे बदलता येण्याजोगा नग म्हणून पाहणारी नजर खरोखर घातक असते, हे विसाव्या शतकाने ज्यूंना ज्या रीतीने दाखवले त्यावर वेगळा पुरावा नको. ऑशविट्झच्या नाझी छळछावणीत कैद्यांच्या हातावर क्रमांक गोंदले जात आणि नावाच्या जागी तो क्रमांक पुकारला जाई. नंतर मारल्या गेलेल्या ज्यूंचा साठ लाख हा आकडा जगाच्या तोंडी बसला. तो खरा आणि आवश्यक आहे, पण ज्यूंनी त्यावर समाधान मानले नाही. जेरुसलेममध्ये 1953 साली स्थापन झालेल्या याद वाशेम या संस्थेने मेलेल्या प्रत्येकासाठी एक पान, त्यावर नाव, गाव, आईबापांची नावे, असे साक्षीपत्र गोळा करायला घेतले. चाळीस लाखांहून अधिक नावे आजवर हाती आली आहेत. साठ लाखांची बेरीज उलट्या दिशेने सोडवत एकेका माणसापर्यंत परत जाण्याचा हा उद्योग आहे, आणि दहा जणांना दहा शब्दांनी मोजणाऱ्याची वृत्तीच त्यामागे आहे.

आता कुणी म्हणेल की राज्यकारभार गणतीशिवाय चालत नाही. किती शाळा, किती दवाखाने, किती धान्य, हे माणसे मोजल्याशिवाय कसे ठरणार? हे बरोबर आहे, आणि इस्रायलनेही 1948 साली, स्थापनेच्या वर्षीच, जनगणना केली. ज्यू परंपरेने संख्येची गरज कधी नाकारलेली नाही. मंदिरात कामे वाटण्यासाठी पुरोहितांची सोडत होई, तेव्हा ते वर्तुळात उभे राहून बोट पुढे करीत आणि अधिकारी माणसांऐवजी बोटे मोजी. काम अडले नाही, फक्त मोजणाऱ्याला दरवेळी एक छोटासा वळसा घ्यावा लागला. त्या वळशाचे मोल मोठे आहे. आकडा माणसाच्या जागी उभा आहे, माणूस नाही, ही आठवण तो वळसा करून देतो. दहाची संख्याही पाहा. अब्राहाम सदोम नगरी वाचवण्यासाठी देवाशी घासाघीस करतो, पन्नास सज्जन असले तर, पंचेचाळीस असले तर, असे करत दहापर्यंत उतरतो. माणसे मोजण्याचा हा प्रसंग निर्दोष ठरतो, कारण मोजणारा इतरांना वाचवण्यासाठी स्वतःला पणाला लावतो आहे. प्रार्थनेच्या दहांतही मोठा-लहान नाही. नऊ रब्बी जमले तरी प्रार्थना अडते आणि दहा चांभार जमले की सुरू होते, असे यिद्दिश लोकोक्ती सांगते. ज्या दहाव्याच्या येण्याने नऊ जणांची प्रार्थना पुरी होते तो नग नसतो.

या दहाव्या माणसाचे महत्त्व कोकणाला चांगले ठाऊक आहे. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या जहाजातून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, अशी कोकणातल्या ज्यूंची, म्हणजे बेने इस्रायलींची, स्वतःविषयीची परंपरागत कथा आहे. घाण्यावर तेल गाळणारे हे लोक शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणत. ग्रंथ जवळ नव्हते, कितीतरी सण विस्मरणात गेले होते, पण सातवा दिवस सुटला नाही. सात वारांचा आठवडा इथेही होताच, तेव्हा दिवस मोजण्यात त्यांचे वेगळे काय, असे विचारता येईल. वार इथल्या पंचांगाचे होते हे खरे. त्यातल्या एका वारी कमाई सोडायची, हे बंधन मात्र त्यांचे त्यांनी घातलेले होते, आणि मोजणीचे मर्म त्या बंधनात आहे. मुंबईत 1796 साली सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी बेने इस्रायलींचे पहिले सिनेगॉग उभारले, पुढे कोकणातही ठिकठिकाणी सिनेगॉग झाली. 1948 नंतर बहुतेक कुटुंबे इस्रायलला गेली. 2011 च्या जनगणनेत भारतभरातले ज्यू पाच हजारांच्या आत भरले. कोकणातल्या काही सिनेगॉगमध्ये आज एरवी दहा जण जमणेही कठीण असते. जनगणनेच्या दृष्टीने हा आकडा नगण्य आहे. दहाव्याची वाट पाहणाऱ्या नऊ जणांच्या दृष्टीने त्यातला प्रत्येक जण अनमोल आहे, आणि या दोन दृष्टींपैकी दुसरी अधिक खरी आहे, असे ही परंपरा सांगते.

तालमूदमधल्या एका चर्चेत हे सारे एकत्र येते. वाळवंटात चाललेल्या माणसाचा दिवसांचा हिशेब चुकला आणि शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा सातवा दिवस, कधी हेच त्याला कळेना, तर त्याने काय करावे? रब्बी हुना म्हणतो, आजपासून सहा दिवस मोजावेत आणि सातवा पाळावा, जसे देवाने जग निर्माण करताना केले. दुसरा पंडित म्हणतो, आधी एक पाळावा आणि मग सहा मोजावेत, जसे आदामाच्या वाट्याला आले, कारण तो सहाव्या दिवशी घडवला गेला आणि त्याचा पहिला पुरा दिवस शब्बाथच होता. रावा नावाचा तिसरा पंडित त्यात भर घालतो की त्याने रोज फक्त जगण्यापुरते काम करावे, आपल्या मानलेल्या शब्बाथलाही तेवढे करावे, कारण खरा शब्बाथ कोणता हे त्याला ठाऊक नाही. मग त्या दिवसाचे वेगळेपण सुरुवातीच्या आणि शेवटच्या प्रार्थनांनी राखावे. या माणसाचा आकडा बहुधा चूक आहे. तो चूक असू शकतो हे पंडितांना पुरते माहीत आहे. तरीही त्याने मोजावे असे ते एकमुखाने सांगतात. अचूक माहितीसाठीच मोजायचे असते तर त्याला मोजणे सोडून द्यायला सांगितले असते. त्याने मोजायचे ते यासाठी की एकट्या, वाट चुकलेल्या माणसाचेही दिवस एकामागून एक नुसते घसरून जाऊ नयेत, आणि जगण्यासाठी राबताना राबण्याला एक मर्यादा आहे याची आठवण त्याच्यापाशी राहावी.

आज आपण कधी नव्हे इतके मोजतो आणि मोजले जातो. आपली पावले, आपली झोप, आपल्याला ओळखणारी माणसे, आपल्याला न ओळखणारी माणसे, सगळ्यांचे आकडे आपल्या खिशात असतात, आणि आपणही कुणाच्या तरी आकड्यांत असतो. यातले बरेचसे उपयोगी आहे आणि ते टाळण्याचा हट्ट मी धरणार नाही. पण ज्यू परंपरेची कसोटी या सगळ्याला लावता येते आणि लावावी असे मला मनापासून वाटते. माझे दिवस मी मोजत असेन, तर प्रत्येक आकडा माझ्याकडून काही मागतो का? दुसऱ्या माणसाला मी मोजत असेन, तर बेरजेत तो मला अजून दिसतो का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर नाही असेल, तर माझी मोजणी पोकळ आहे. दुसऱ्याचे उत्तर नाही असेल, तर ती धोक्याची आहे. आपल्याकडे वेळेबाबत सढळ आणि माणसांबाबत हिशेबी राहण्याची रीत पडली आहे. ज्या लोकांना इतिहासाने वारंवार मोजून बाजूला काढले, त्यांनी ही रीत उलटी करून ठेवली आहे: वेळेचा हिशेब चोख ठेवावा आणि माणसाचा कधी पुरा करू नये. ही शिकवण पाळायला ज्यू असण्याची गरज नाही, आणि ती पाळण्याची वेळ आपल्यावरही आलेली आहे.